लाल दोरा आणि न थुंकणारे पाहुणे

"त्या लोकांना थुंकता येत नाही, सूनबाई. पोरीला त्यांच्या मांडीवर देऊ नकोस."

सासूबाईंनी हे बजावलं तेव्हा मी इलिंकाच्या वेण्या घालत होते, आणि मी हसले. मी याश शहरातल्या विद्यापीठात इंग्रजी शिकलेली, आणि माझ्या सासूबाई, अग्लायाबाई, म्हणजे मांजर आडवं गेलं तर आलेली बस सोडून देणाऱ्या. आमच्याकडे कोणी लेकराचं कौतुक केलं, की त्यानं लगेच तोंड बाजूला करून थू थू थू करायचं असतं. म्हणजे दृष्ट लागत नाही. खरं थुंकायचं नसतं, नुसता आवाज. गावातले पाद्रीबाबा, डॉक्टरीणबाई, पोलीस, सगळे करतात. एखाद्याला तेवढंही जमत नसेल तर त्याच्या नजरेपासून वाचायला मुलाच्या मनगटात लाल दोरा असतो, आणि तो आजीनं बांधायचा असतो.

समोरच्या बालगृहात येणारे मिशनवाले अमेरिकन मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत कौतुकच करायचे आणि थुंकायचे नाहीत.

"त्यांना माहीत नसतं, आई," मी म्हटलं.

"मग माहीत करून दे. दुभाषी आहेस ना तू त्यांची?"

"देवाच्या कामाला आलेत हो ते."

"म्हणूनच म्हणते," सासूबाई म्हणाल्या आणि कोबीची पानं उकळायला गेल्या.

हे लुमिनित्सा बालगृह आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे. एके काळी तिथे एका खाटेवर तिघं-तिघं झोपायची. मग सरकारला शहाणपण सुचलं आणि बरीचशी मुलं घराघरांतून सांभाळायला दिली गेली. मुलांचं भलं झालं. पंचाईत झाली ती संचालक दोरोफ्तेय साहेबांची, कारण अमेरिकेतून मिशनच्या तुकड्या दर उन्हाळ्यात येतच राहिल्या. त्यांना मिठी मारायला मुलं लागायची. एवढ्या लांबून आलेला माणूस काय रिकाम्या खाटांना मिठ्या मारणार? आणि पाहुण्यांच्या देणग्या आल्या नाहीत तर हिवाळ्यात बॉयलर पेटत नाही, हेही तितकंच खरं. बॉयलर बंद पडला की कुडकुडायची ती खरी मुलं: पाव्हेल आणि नेलू हे दोघे भाऊ, अजिबात न बोलणारी एक छोटी, आणि किवा.

म्हणून साहेबांनी गल्लीतली मुलं उसनी घ्यायला सुरुवात केली. उन्हाळ्यात बालवाडी बंद, बाप इटलीत, आया टोमॅटोच्या वाफ्यांत. सकाळी पोर रस्त्यापलीकडे सोडायचं, संध्याकाळी आणायचं. दुपारचं जेवण, रंगीत खडू, इंग्रजी गाणी, आणि तुकडी परत निघाली की एखादा चेंडू. कोणाला वावगं वाटलं नाही. मलाही नाही. माझी इलिंका चार वर्षांची, मी दिवसभर तिथेच कामाला. ती नजरेसमोर राहायची.

"नवे बूट नकोत हं, बायांनो!" साहेब सकाळी फाटकात उभे राहून ओरडायचे. "आणि हे काय, मादालिनाबाई? भांग पाडलाय पोराचा? लग्नाला चाललाय का तो?"

"मग काय चिखलात लोळवू?" म्हणत मादालिना स्वतःच विंचरलेले केस दोन्ही हातांनी विस्कटायची.

उसन्या मुलांना तयार करायचं काम किवाचं. तिचं पूर्ण नाव पारास्किवा. संत पारास्किवाच्या सणाला, ऑक्टोबरात, याशच्या स्टेशनवर बाकाखाली सापडली म्हणून ते नाव, आणि तोच तिचा वाढदिवस धरलेला. येत्या ऑक्टोबरात ती अठरा वर्षांची होणार होती. अठरा झाली की बालगृहातली खाट सोडायची, असा नियम. सोडून जायचं कुठे, ते नियमात नव्हतं. तिच्या आधीची मुलगी एका अनोळखी माणसाच्या गाडीत बसून इटलीला गेली, आणि नंतर तिचा फोन आला नाही. किवा त्याबद्दल बोलायची नाही. ती फक्त प्रत्येक तुकडी गाडीतून उतरताना नीट निरखायची. यातलं कोण आपल्याला नेईल?

पण पाहुण्यांना मांडीवर मावणारी मुलं हवी असायची. किवा मांडीवर मावत नव्हती. "आमचा एक फोटो काढ ना," म्हणून सगळे आपापले फोन तिच्या हातात द्यायचे. जगभर गेलेल्या त्या फोटोंत सगळं लुमिनित्सा आहे, फक्त किवा नाही.

"बाई विचारतील, सुखी आहेस का? मग काय म्हणायचं?" ती मुलांची तालीम घ्यायची.

"मी इथे खूप आनंदात आहे. देवानं मला कुटुंब दिलं," मुलं इंग्रजीत एका सुरात. ते वाक्य मी शिकवलं होतं. उच्चार चांगले होते.

"आणि रडायचं कधी?"

"शेवटच्या दिवशी!"

"शाब्बास. पहिल्याच दिवशी रडलात तर पुढे काय दाखवणार, कप्पाळ?"

जुलैत ओहायोमधल्या मेपल फोर्ड गावची तुकडी आली. पोपटी टी-शर्ट, आणि पुढे पास्टर ट्रॅव्हिस, ज्यांचे दात बघून इलिंकानं मला विचारलं की ते रात्री काढून ठेवतात का. त्यांनी आल्या आल्या अंगणाची भिंत रंगवायला घेतली. ती भिंत त्या उन्हाळ्यात आधी पिवळी, मग निळी, मग परत पिवळी झालेली होती. रंगाचे थर इतके चढले होते की शेजारची खिडकी लागेना. एक तुकडी गेली आणि दुसरी यायची असली की साहेब स्वतः भिंतीवर चिखल उडवायचे. मग बाहुल्यांचा खेळ, बायबलमधली गोष्ट: योना आणि त्याला गिळणारा मासा. मासा झालेला तरुण आपलं वाक्य विसरला, तेव्हा ते पाव्हेलनं त्याला इंग्रजीत सांगितलं. मग पास्टरनी विचारलं, येशूला आपल्या हृदयात कोण घेणार? पाव्हेलनं हात वर केला. त्या उन्हाळ्यात येणाऱ्या प्रत्येक तुकडीसमोर त्यानं येशूला हृदयात घेतलं होतं, कारण त्यानंतर वेफर मिळायचे. आम्ही सगळे तान्हेपणीच पाण्यात बुडवून काढलेले ख्रिस्ती आहोत, हे पाहुण्यांना सांगायचं नाही असा साहेबांचा हुकूम होता. "एवढे लांबून येतात बिचारे," ते म्हणायचे, "विरस कशाला करायचा?"

पहिल्याच दिवशी पास्टरना मुलांच्या मनगटांतले लाल दोरे दिसले. त्यांचा चेहरा पडला. ही अंधश्रद्धेची बेडी आहे म्हणाले आणि डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली. साहेबांनी लगेच फर्मान काढलं, दोरे काढा. मी घरी येऊन नखं कापायच्या कात्रीनं इलिंकाचा दोरा कापला. सासूबाई भांडतील म्हणून मी तयारीत होते. त्या फक्त "बरं" म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्या गल्लीत घरोघर फिरून आल्या. मला वाटलं, बटाटे मागायला गेल्या असतील.

त्या तुकडीत डार्लीन नावाची बाई होती. थोराड, मऊ, सतत घामेजलेली आणि मनानं चांगली; हे मी आजही म्हणेन. नवरा ड्वेन तिच्या मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन हिंडायचा. दुसऱ्या दिवशी तिनं इलिंकाला उचलून मांडीवर घेतलं.

"किती सुंदर आहेस गं तू! ड्वेन, बघ तरी! इतकं सुंदर मूल मी जन्मात पाहिलं नाही!"

आणि थुंकली नाही. मी शिकलेली बाई, म्हणून रुमाल तोंडाशी धरला आणि हळूच तिच्या वतीनं मीच थुंकले.

"सर्दी झाली का तुला?" डार्लीननं कळवळून विचारलं आणि पर्समधून गोळी काढून दिली. मग म्हणाली, "हिचे वडील?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी आवाज जड केला. "वडिलांचा ठावठिकाणा नाही."

याला खोटं म्हणता येईना. माझा नवरा सोरिन त्या आठवड्यात ट्रक घेऊन बेर्गामोला होता की तोरिनोला, मलाही माहीत नव्हतं.

"आणि आई?"

"आई असून नसल्यासारखी," साहेब म्हणाले, आणि ते वाक्य त्याच आईनं, म्हणजे मी, जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

नंतर मी त्यांना जिन्याखाली गाठलं. "साहेब, हे अती होतंय."

"मिरुनाबाई, आठवडाभराचा प्रश्न. बॉयलर आठवा, पाव्हेलचा मागच्या हिवाळ्यातला खोकला आठवा. दुभाष्याला कामावर असताना स्वतःचं मूल नसतं."

पाव्हेलचा खोकला मला आठवला. मी परत पाहुण्यांकडे गेले. पण संध्याकाळी घरी इलिंकानं मक्याच्या खिमटीचं ताट बाजूला सारलं, डोळे मिटून हात जोडले आणि इंग्रजीत पुटपुटायला लागली.

"काय झालंय पोरीला?" सासूबाई.

"मी इलिंका नाही," इलिंका म्हणाली. "मी अ‍ॅना ग्रेस. त्या बाई म्हणाल्या."

मी तिचं कपाळ हातानं पाहिलं. मग थर्मामीटरनं पाहिलं. मग परत हातानं. तिला अंथरुणात घातलं तर तिनं पांघरुणातून तोंड काढून मला सांगितलं, "मी इथे खूप आनंदात आहे. देवानं मला कुटुंब दिलं."



दुसऱ्या दिवशी किवा बादल्या धुता धुता म्हणाली, "मिरुनाताई, केक कधी देताय? इलिंका चालली ओहायोला."

"गप गं."

"देवाशप्पथ. ड्वेननं मला फोनवर दाखवलं. तिकडे त्याच्या भावानं खोली रंगवायला घेतली, जांभळी. खाटही आणलीय. ही एवढी मोठी." तिनं हात पसरून दाखवले आणि मग हसत म्हणाली, "मीसुद्धा मावेन त्यात."

मी हसले नाही. तीही मग हसायची थांबली.

रविवारी निरोपाचा कार्यक्रम. मुलं पुढे बाकांवर ओळीनं, पोपटी टी-शर्ट बाजूला, आणि मागच्या रांगेत 'गावातल्या हितचिंतक महिला', म्हणजे मुलांच्या आया आणि आज्या. किवाच्या हातात नेहमीप्रमाणे सगळ्यांचे फोन. डार्लीन माइकसमोर आली, इलिंकाला कडेवर घेऊन. मी शेजारी उभी.

"देवानं माझ्याशी बोलून सांगितलं," डार्लीन म्हणाली. मी ते भाषांतर केलं. "या बाळाला कोणी नाही." तेही केलं. "म्हणून आम्ही ठरवलं आहे, की आजपासून हिचे आई आणि बाबा..."

तिथे मी भाषांतर थांबवलं. मागच्या रांगेतून सासूबाई उठल्या.

"काय म्हणतेय ती बाई?"

"म्हणतेय... इलिंका फार सुंदर आहे, म्हणतेय."

"थुंकली का?"

"नाही, आई."

सासूबाई मधल्या वाटेनं चालत आल्या, आपली काळी पर्स काखेत घट्ट धरून. डार्लीनसमोर उभं राहून त्यांनी तिच्या वतीनं, माझ्या वतीनं आणि बहुधा सगळ्या ओहायोच्या वतीनं थू थू थू केलं. पास्टर एक पाऊल मागे सरकले. मग सासूबाईंनी इलिंकाचा मोजा खाली ओढला. आमची मुलं जुलैतही मोजे घालतात, कारण वाऱ्याची झुळूक पायाला लागली की मूल हातचं जातं यावर गावातल्या सगळ्या आज्यांचं एकमत आहे. मोज्याखाली घोट्याला लाल दोरा होता.

"हिला आजी आहे!" सासूबाई गरजल्या.

मग त्या बाकांकडे वळल्या. मादालिनाच्या पोराचा मोजा ओढला: लाल दोरा. "याला आजी आहे!" पुढच्याचा ओढला. "हिलाही! हा तर आपल्या तिंकाबाईचा नातू!" मोजे पटापट उतरत गेले, आणि मुलांना वाटलं हा नवा खेळ आहे, म्हणून पुढची मुलं आपणच मोजे काढून पाय वर करून बसली. लाल दोरा, लाल दोरा, लाल दोरा. मग पाव्हेलची पाळी आली. त्यानंही मोठ्या हौसेनं पाय वर केला. घोटा उघडा. नेलूचा उघडा. न बोलणाऱ्या छोटीचा उघडा. सासूबाईंचा हात तिथे थांबला.

भिंतीशी उभ्या असलेल्या किवानं एका हातात फोन सांभाळत दुसऱ्या हातानं आपला मोजा खाली केला. "माझा पण बघून घ्या, आजी," ती म्हणाली. "असलाच तर."

नव्हता.

"काय चाललंय हे?" पास्टरनी मला विचारलं. "ही बाई आपल्यावर हल्ला करतेय का?"

मी माइक हातात घेतला आणि साहेबांकडे न बघता इंग्रजीत सांगून टाकलं. "या माझ्या सासूबाई. ही माझी मुलगी. ज्यांच्या पायात दोरा आहे त्यांना घर आहे, ती संध्याकाळी घरी जातात. ज्यांच्या पायात नाही, त्यांना नाही."

मला वाटलं, संपलं. बॉयलर गेला, नोकरी गेली. पास्टर ट्रॅव्हिसनी डोळे मिटले. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी दोन्ही हात आकाशाकडे उचलले.

"हालेलुया! आपण आलो तेव्हा ही सगळी मुलं अनाथ होती!" ते ओरडले. "आपण एक आठवडा प्रार्थना केली, आणि बघा, देवानं प्रत्येकाला आई आणून दिली!"

पोपटी टी-शर्टांना हुंदका फुटला. मागच्या रांगेतल्या आयांना हाताला धरधरून व्यासपीठावर आणलं गेलं. मादालिनाला पास्टरनी मिठी मारली, आणि तिचं पोर तिचा एप्रन ओढत विचारत राहिलं, वेफर कधी देणार? दोरोफ्तेय साहेबांचा चेहरा पांढऱ्याचा गुलाबी व्हायला फार वेळ लागला नाही. "ताटातूट झालेल्या कुटुंबांचं मीलन," ते माझ्या कानात म्हणाले, "सांगा त्यांना, हेच तर आमचं पहिल्यापासूनचं ध्येय." पुढच्या उन्हाळ्यात फाटकावर तसा फलक लागला, आणि पूर्वीपेक्षा जास्त तुकड्या आल्या. भिंत आता हिरवी आहे.

त्या गर्दीत इलिंका धावत माझ्याकडे आली, आणि डार्लीन कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली. रिकाम्या मांडीवर तिचे हात तसेच उघडे पडले होते. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. किवानं हातातले सगळे फोन एका खुर्चीवर ओतले आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.

"मिरुनाताई, इकडे या. सांगा यांना." ती सरळ समोर बघत होती. "मला मांडीवर घ्यावं लागत नाही. मला स्वयंपाक येतो. मुलं सांभाळता येतात. मी रात्री रडत नाही. ऑक्टोबरनंतर मला खाट लागेल."

मी शब्दाला शब्द सांगितलं. डार्लीननं तिच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. आठवडाभर तिच्याकडून फोटो काढून घेतले होते, तरी पहिल्यांदाच.

"केवढी मोठी आहे ही," ती म्हणाली.

ड्वेन पाण्याची बाटली घेऊन मागे उभा होता. तो म्हणाला, "खाट मोठीच आहे गं."

बायबल शाळेची विद्यार्थिनी म्हणून व्हिसा मिळाला. संत पारास्किवाचा सण झाला आणि किवा निघाली. सासूबाईंनी गाडी सुटायच्या आधी खाली वाकून तिच्या घोट्याला लाल दोरा बांधला, तीन गाठी मारून.

"मोजा वर ठेव. कोणी कौतुक केलं आणि थुंकलं नाही, तर तूच थुंक."

"विमानातसुद्धा, आजी?"

"विमानात आधी."

पहिल्या हिवाळ्यात तिचे फोन यायचे. इकडे लोक कुत्र्याला स्वेटर घालतात आणि स्वतः अर्ध्या चड्डीत फिरतात, म्हणायची. डार्लीनच्या बहिणीची जुळी मुलं तिच्याकडे असायची, मग शेजाऱ्यांची पण यायला लागली. चर्चमध्ये तिला पुढे बोलावून तिची कहाणी सांगायला लावतात. लोक रडतात. "आता बाजूच्या गावांतली चर्चही मला उसनी नेतात, ताई," ती म्हणाली आणि खूप हसली. मीही हसले. शाळेचं विचारलं तर म्हणाली, पुढच्या सत्रात सुरू होईल.

मग फोन कमी झाले. आता येतो तो रविवारी, तिच्या मागे कोणाचे तरी आवाज असतात, आणि ती माझ्याशी इंग्रजीत बोलते. मी आमच्या भाषेत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. मागच्या वेळी मी विचारलं, किवा, बरी आहेस ना गं? ती म्हणाली, "मी इथे खूप आनंदात आहे. देवानं मला कुटुंब दिलं."

उच्चार चांगले होते.

त्यानंतर एक फोटो आला. हिरवळ, पोहण्याचा तलाव, काठावर पाच-सहा लहान मुलं, आणि या वेळी फोटोत किवा आहे, पाय पाण्यात सोडून. खाली सगळ्यांनी लिहिलंय, किती सुंदर, किती सुंदर. थुंकलेलं कोणी दिसत नाही. घोटा उघडा आहे.

सोरिन म्हणतो, दोरा काय, पाण्यात झिजून तुटला असेल, तुला काळजीचं व्यसन आहे. असेलही. मी इलिंकाचं कपाळ अजून दिवसातून चारदा पाहते, हे खरं आहे. सासूबाईंनी मात्र नवा दोरा कापून देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे ठेवलाय.

तुमच्यापैकी कोणाचा दीर, कोणाची मावसबहीण ओहायोत असेलच. हल्ली प्रत्येकाचं कोणी ना कोणी तिकडे असतं. मेपल फोर्डला चर्चच्या मागच्या गल्लीत, जांभळ्या खिडकीचं घर. काहीतरी निमित्त काढून जा. तिला घरात भेटू नका, बाहेर रस्त्यापर्यंत चला म्हणा, एकटीला. सुखी आहेस का, असं विचारू नका. त्याचं उत्तर तिला पाठ आहे. काय जेवलीस विचारा, शाळेत कोणत्या खोलीत बसतेस विचारा. मग म्हणा, किती छान दिसतेस गं. आणि लाज वाटली तरी तोंड बाजूला करून थू थू थू करा. ती हसली, तर मला कळवायची घाई नाही. नाही हसली, तर तिथूनच, तिच्यासमोर, मला फोन लावा.